वाचक विचारतात: बुरशीलाही अँटिऑक्सिडंट लागतं का हो?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या बुरशीवर लिहिताना मी एक वाक्य टाकून पुढे गेले होते, की अंगात शिरून रोग करणाऱ्या बुरशा आपल्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्यातून वाचतात त्या त्यांच्याकडच्या अँटिऑक्सिडंट एन्झाइम्सच्या जोरावर. एवढंच. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं सगळ्यांचीच वगळली आहेत, कारण बऱ्याच जणांनी घरातल्या आजारपणाबद्दल अगदी मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. वय ६८, डायबेटिस आहे. सूनबाईंनी आणून दिलेली अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल रोज घेतो. आजवर हेच ऐकत आलो की अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं, आवळा खा, ग्रीन टी प्या. आणि तुम्ही म्हणताय बुरशी त्याच्यावरच तगते. मग मी रोज बुरशीलाच खाऊ घालतोय का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: काका, आधी तुमच्या जिवाचा घोर काढते. नाही. बुरशी जी एन्झाइम्स वापरते ती ती स्वतःच बनवते, स्वतःच्या जीन्सवरून, गरज पडेल तेव्हा, तिला तुमच्या कॅप्सूलची वाट बघावी लागत नाही. पण अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं हे जे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना ते अर्धंच खरं आहे. कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं.

आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, शरीर दिवसाला साधारण १०० अब्ज नव्या बनवतं. बुरशीचा बारीक कण समोर आला की ही पेशी त्याला गिळते, एका पिशवीत कोंडते, आणि त्या पिशवीच्या भिंतीवर एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एक यंत्र जुळवलं जातं. हे यंत्र ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवतं, त्याचं होतं सुपरऑक्साइड. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग मायलोपेरॉक्सिडेज नावाचं आणखी एक एन्झाइम त्यात क्लोराइड घालून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं, म्हणजे पर्वतीच्या जलकेंद्रात पाण्यात क्लोरीन सोडल्यावर जे जंतू मारतं तेच. पिकलेल्या फोडातल्या पुवाला हिरवट झाक असते बघा, ती या मायलोपेरॉक्सिडेजची, ते एन्झाइमच हिरव्या रंगाचं असतं. हे सगळं त्या इवल्याशा पिशवीत बुरशीवर ओतलं जातं आणि तिची प्रोटीन्स, डीएनए, आवरण, जे हाताला लागेल ते जाळत सुटतं. बुरशीला मारायचं आपल्याकडचं हे एक मोठं शस्त्र, आणि ते आहे ऑक्सिडंट. म्हणजे इथे ऑक्सिडंट आपल्या बाजूने लढतो आणि अँटिऑक्सिडंट शत्रूच्या.

आता बुरशी काय करते? तिचं पहिलं एन्झाइम सुपरऑक्साइड डिसम्युटेज, लॅबमध्ये सगळे नुसतं सॉड म्हणतात. हे सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. म्हणजे विषाचं जरा कमी जहाल विष. मग कॅटालेज येतं आणि त्या पेरॉक्साइडचं सरळ पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. याचा वेग ऐकून माझे विद्यार्थी दरवर्षी चमकायचे, कॅटालेजचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. त्यातूनही जे निसटतं ते ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन या मंडळींच्या वाट्याला.

घरी बघायचंय? केमिस्टकडून जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, काचेच्या वाटीत दोन चमचे ओता आणि कच्च्या बटाट्याची एक फोड टाका. डोळ्यांत आणि हातावर उडू देऊ नका तेवढं. पाच-दहा सेकंद काहीच होत नाही असं वाटतं, मग फोडीच्या कापलेल्या बाजूला साबणासारखे बारीक बुडबुडे धरायला लागतात, बघता बघता पांढरा फेस वर येतो आणि फोड त्यात बुडून जाते. वाटीला हात लावा, किंचित कोमट लागते. तो फेस म्हणजे बटाट्यातल्या कॅटालेजने सोडवलेला ऑक्सिजन. आता कुकरमधला उकडलेला बटाटा घ्या आणि दुसऱ्या वाटीत तेच करा. ढिम्म. उष्णतेने एन्झाइम मेलं की पेरॉक्साइड तसंच राहतं. पांढऱ्या पेशीच्या पिशवीत अडकलेली बुरशी कच्च्या बटाट्यासारखी वागते एवढं डोळ्यांसमोर ठेवा, बाकी सगळं आपोआप कळतं.

आणि हो, जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो तो मात्र आपल्याच रक्तातल्या कॅटालेजमुळे. ही एन्झाइम्स आपल्याकडेही आहेत आणि तिथे ती आपल्याच पेशींना वाचवतात, म्हणून तर म्हटलं कुणाच्या हातात आहे ते बघा.

राहिली तुमची कॅप्सूल. तिने बुरशी वाढणार नाही, पण ती घेतली म्हणजे इन्फेक्शनपासून सुटलो असंही समजू नका. तुमच्यासाठी खरं काम करते ती ताब्यात ठेवलेली शुगर, त्याबद्दल खाली हडपसरच्या ताईंच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय, ते नक्की वाचा.

प्रश्न: मॅडम, मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात असं आहे की क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्या मुलांना कॅटालेज पॉझिटिव्ह जंतूच जास्त त्रास देतात कारण ते पेरॉक्साइड नष्ट करतात. मग कॅटालेज बंद करणारं औषध काढलं की काम झालं ना? असं औषध अजून का नाही? (एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर: अगं, किती छान प्रश्न विचारलास. बाकीच्या वाचकांसाठी आधी सांगते, या आजारात मूल जन्मतःच ते एनएडीपीएच ऑक्सिडेजचं यंत्र बिघडलेलं घेऊन येतं. साधारण २ लाख जन्मांमागे एक असं मूल. पांढऱ्या पेशी असतात, गिळतात सुद्धा, पण पिशवीत मारा होत नाही. आणि मग आपण सगळे रोज श्वासातून जी अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची बीजं आत घेतो, शेकड्यांनी घेतो, ती या मुलांच्या फुप्फुसात रुजतात. ऑक्सिडंटचा मारा किती मोलाचा आहे याचा याहून ठळक पुरावा नाही.

आता पुस्तकातलं वाक्य. युक्तिवाद असा होता की ज्या जंतूंकडे कॅटालेज नाही ते स्वतःचंच पेरॉक्साइड पिशवीत सोडतात आणि त्यानेच मरतात, कॅटालेजवाले मात्र सुटतात. कागदावर अगदी चोख बसतं. पण १९९८ मध्ये अ‍ॅस्परजिलस निड्युलन्सचं कॅटालेजचं जीन काढून ती बुरशी हाच दोष असलेल्या उंदरांना दिली गेली, आणि ती कॅटालेजवाल्या बुरशीइतकीच जीवघेणी ठरली. क्रिप्टोकोकस नावाच्या बुरशीतली चारही कॅटालेज काढून बघितली तरी उंदरातला रोग होता तसाच. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये तीन सॉड एकदम काढली, पांढऱ्या पेशींसमोर ती बीजं जास्त मरत होती पण उंदीर काही वाचले नाहीत. मला हे निकाल फार महत्त्वाचे वाटतात, कारण त्यातून कळतं की बुरशीने एका दारावर भिस्त ठेवलेलीच नाही. एक कडी काढलीस तर दुसरी असते. फ्युमिगेटसच्या बीजांचा तो करडा-हिरवा रंग असतो ना, तो मेलॅनिन, तोही ढालच आहे, तो रंग बनवणारं जीन काढलं की पांढरी बीजं मिळतात आणि ती पटकन मारली जातात.

म्हणून एकट्या कॅटालेजवर औषध काढून भागत नाही. शिवाय आपलं कॅटालेज आणि आपली सॉड त्यांच्यासारखीच आहेत, औषध घेतलं तर लिव्हरपासून लाल पेशींपर्यंत सगळीकडे आपल्यालाच बसेल.

पण एक जागा आहे आणि ती तुला मनापासून सांगावीशी वाटते. कॅन्डिडा अल्बिकन्स नावाच्या बुरशीकडे एकूण सहा सॉड आहेत. पहिली तीन पेशीच्या आत, आणि ४, ५, ६ नंबरची पेशीच्या बाहेर, भिंतीला अडकवलेली. बाहेर का? कारण सुपरऑक्साइड पेशीच्या आवरणातून सहज आत जात नाही, मारा बाहेरूनच होतो, मग पाणी दारातच अडवायचं. यातलं ५ नंबरचं सॉड विलक्षण आहे. आपल्या पेशीतलं सॉड तांबं आणि जस्त दोन्ही घेऊन चालतं, हे नुसत्या तांब्यावर चालतं, जस्ताची जागाच नाही. अशी नुसत्या तांब्यावरची सॉड माणसाकडे नाहीत. म्हणजे शत्रूकडे असलेली आणि आपल्याकडे नसलेली वस्तू, औषध शोधणारे कायम हेच तर शोधत असतात.

तांब्यावरून अजून एक. उंदराच्या किडनीत कॅन्डिडा शिरली की किडनी पुढे पुढे तांबं कमी करत नेते, जणू रसद तोडते. तर ही बया काय करते, आतलं तांब्यावर चालणारं १ नंबरचं सॉड बंद करते आणि मँगनीजवर चालणारं ३ नंबरचं सुरू करते. मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि तरी धातू बघून एन्झाइम बदलते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री जेवायची विसरले होते.

तुला बुरशीवर प्रोजेक्ट करायचा असेल तर लांब जायला नको, आपल्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा बुरशी-संग्रह आहे, राष्ट्रीय पातळीवरचा. तुमच्या सरांना सांगून एकदा भेट ठरवा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय, एसीच्या डक्टमध्ये विष्ठेचे थरच्या थर. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की त्यातल्या बुरशीने मेंदूज्वर होतो. खरं आहे का, घरात सासूबाई आहेत, किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे. (एक वाचक, वडगाव शेरी)

उत्तर: खरं आहे, पण सगळ्यांना सारखा धोका नाही. ती बुरशी म्हणजे क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स, कबुतरांच्या जुन्या सुकलेल्या विष्ठेत ती चांगली वाढते. कबुतर स्वतः आजारी पडत नाही, त्याचं अंग आपल्यापेक्षा चांगलंच गरम असतं आणि त्या तापमानाला ही बुरशी नीट वाढत नाही. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात ती गेली तरी बहुतेक वेळा काही होत नाही, पांढऱ्या पेशी तिला मारतात किंवा दाबून ठेवतात. ज्यांची इम्युनिटी औषधांनी दाबलेली असते, म्हणजे ट्रान्सप्लांटवाले, महिनोन्महिने स्टिरॉइड घेणारे, आणि एचआयव्हीमध्ये सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेले, त्यांच्यात ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते.

हिची ढाल कॅन्डिडापेक्षा वेगळी आहे. अंगाभोवती साखरेच्या साखळ्यांचं जाड चिकट कवच, त्यामुळे मुळात गिळणंच अवघड. त्याच्या आत भिंतीत मेलॅनिन, जे ती लॅकेज नावाच्या तांबंवाल्या एन्झाइमने बनवते, आणि कच्चा माल म्हणून एल-डोपासारखी रसायनं वापरते, जी आपल्या मेंदूत आहेतच. हे मेलॅनिन ऑक्सिडंट शोषून घेतं. वर मॅनिटॉल भरपूर बनवते, तेही ऑक्सिडंट टिपतं. सॉड आहेच. इतक्या थरांमागे ती पांढऱ्या पेशीच्या पोटात बसून नुसती जगत नाही, तिथेच वाढते सुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशांची यादी काढली, त्यात सगळ्यात गंभीर गटात चार नावं आहेत, क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. हे उगाच नाही.

तुम्ही करायचं ते असं. सासूबाईंना त्या डक्टजवळ, बाल्कनीत जाऊच देऊ नका, साफसफाई चालू असताना तर नाहीच, त्यांना दिवसभर दुसरीकडे पाठवता आलं तर उत्तम. विष्ठा कोरडी झाडायची नाही, खरवडायची नाही, आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, मग ओलीच गोळा करून पिशवीत बंद करा. काम करणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क आणि हातमोजे द्या, साधा रुमाल चालणार नाही, आणि तो माणूस रोजंदारीवरचा आहे म्हणून त्याचं फुप्फुस काही वेगळं नसतं हे सोसायटीच्या कमिटीला ठणकावून सांगा. मग जाळी बसवा. आणि सासूबाईंना दोन-तीन आठवडे हटत नाही अशी डोकेदुखी, बारीक ताप, वागण्यात बदल, डोळ्यांना दोन-दोन दिसणं असं काही वाटलं तर डोकेदुखीची गोळी देऊन थांबू नका, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच कळवा आणि घरात कबुतरांचा त्रास आहे हे आवर्जून सांगा. क्रिप्टोकोकसची रक्तातली आणि पाठीच्या पाण्यातली अँटिजेन टेस्ट असते, लवकर केली तर खूप फरक पडतो.

प्रश्न: २०२१ मध्ये माझ्या भावाला कोविडनंतर काळी बुरशी झाली. ऑपरेशन झालं, वाचला. डॉक्टर सारखं म्हणायचे शुगर शुगर. पण साखरेचा आणि बुरशीचा संबंध काय हे कुणीच नीट सांगितलं नाही. बुरशी साखर खाते म्हणून का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून हात थांबला माझा. माझ्या मावसभावाचंही त्याच मे महिन्यात झालं. कोविडमधून घरी सोडलं, तीन आठवडे स्टिरॉइड चालू होतं, आणि घरी गेल्यावर शुगर बघत राहा हे ज्या हॉस्पिटलने त्याला सोडलं तिथे कुणी बोललं नाही. आधी वरची दाढ हलायला लागली. त्याला वाटलं दाताचं आहे. मग गाल बधीर झाला, मी फोनवर विचारलं नाकातून काय येतंय, तर म्हणाला काळपट. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या एकेका व्हायलसाठी आम्ही घरातले सहा जण पिंपरीपासून कॅम्पापर्यंत फोन लावत होतो. तो आज आहे, एक डोळा नाही.

बुरशी साखर खाते हे कारण फार छोटं आहे. मोठं कारण आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये आहे. वर ते एनएडीपीएच ऑक्सिडेजचं यंत्र सांगितलं ना, त्याचं इंधन एनएडीपीएच. रक्तात साखर सतत जास्त राहिली की काही पेशी ती साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलायला लागतात आणि त्या कामात हेच एनएडीपीएच खर्च होतं. म्हणजे शस्त्रासाठी ठेवलेलं इंधन भलतीकडेच संपतं. पेशी जागेवर हळू पोचते, कमी गिळते, मारा कमजोर होतो. गंमत नाही ही, पण बघा, बुरशीलाही ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायला एनएडीपीएचच लागतं. दोन्ही बाजू एकाच इंधनावर लढतात, आणि डायबेटिस ताब्यात नसला की आपली टाकी अर्धी आणि तिची भरलेली.

त्यात शुगर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं, ज्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, की रक्तातलं लोह ज्या प्रोटीनने घट्ट धरून ठेवलेलं असतं त्याची पकड सुटते. म्युकर म्हणजे ही काळी बुरशी, ती करणाऱ्या रायझोपसला तेच हवं असतं, लोह मिळालं की ती झपाट्याने वाढते. आणि कॅटालेजच्या गाभ्यातही लोहच असतं. वर स्टिरॉइड, जे पांढऱ्या पेशींना शांत करतं. कोविडमध्ये ते अनेकांसाठी गरजेचं होतं, मी त्याच्या विरोधात नाही, पण स्टिरॉइडने शुगर चढते, ती रोज बघायला हवी होती आणि बघितली गेली नाही. भावाला अजून डायबेटिस असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर वहीत लिहून ठेवायची सवय लावा, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी टेस्ट करा, आणि नाक चोंदून एका बाजूचा गाल दुखला की दोन दिवस सुद्धा थांबू नका.

अ‍ॅम्फोटेरिसिनबद्दलही विचारलंय तुम्ही शेवटी. ते बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं, आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नाही, कोलेस्टेरॉल आहे, म्हणून बुरशीला जास्त लागतं. नुसतं आवरण फोडत नाही, आतमध्ये ऑक्सिडंटचा ताणही वाढवतं, म्हणजे पांढऱ्या पेशीचंच अर्धं काम करतं. याच कुळातलं हॅमायसिन नावाचं औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ च्या सुमारास डॉ. थिरुमलाचार यांच्या टीमने शोधलं, आणि ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीच्या नावाचा जिवाणू. हे पुण्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितलं जायला हवं असं मला वाटतं.

प्रश्न: कच्ची हळद आणि लिंबूपाणी रोज घेतलं तर अंगातली बुरशी मरेल का? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर: नाही. आवडत असेल तर घ्या, पण बुरशीचं इन्फेक्शन झालेलं असेल तर त्याच्या भरवशावर औषध पुढे ढकलू नका.

प्रश्न: मांडीत गजकर्ण झालंय, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं, सोडली की दुप्पट येतं. आठ महिने झाले. हे पण त्या एन्झाइममुळे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: दादा, मला जास्त संशय ट्यूबचा आहे. बाजारात अशा ट्यूब भरपूर मिळतात ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तगडं स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दोन दिवसांत दाबतं, म्हणून बरं वाटतं. पण लाली म्हणजे तिथे तुमच्या पांढऱ्या पेशी लढत होत्या. त्यांना गप्प केलं की बुरशी निवांत पसरते, आणि ट्यूब सोडली की सगळं एकदम उसळतं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची गजकर्णाची बुरशी खूप पसरली आहे, तिच्यातल्या बऱ्याच जातींवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही, त्यामुळे आता अंदाजाने ट्यूब बदलत राहण्यात अर्थ नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते खरवडून स्लाइड बघतील. घरात अजून कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. आणि ती ट्यूब फेकून देऊ नका, बरोबर घेऊन जा, तिच्या पाठीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते डॉक्टरांना बघू दे.